सातवा रकाना

हाप्सालूहून आलेल्या साहेबानं
बूट चुलीपाशी वाळत टाकले,
दौत उघडली आणि मोज्यांवर बसूनच विचारलं:
जबाबदार कोण?
सातवा रकाना. बोटभर जागा.

मी माद्दिस पीहेल, बर्फ मोजणारा.
बेटापासून पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत
समुद्र गोठला की दर पन्नास पावलांवर
जुनिपरची एक फांदी रोवतो.
फांदी उभी, तोवर वाट.
फांदी काढली की नुसता समुद्र.
एवढंच काम. एकवीस हिवाळे केलं.

लिहा साहेब: एंडेल रांडमा, वय वीस.
हेल्वी कास्क, अठराला दोन महिने कमी.
दोन घरांत वैर. सीलच्या शिकारीची एक होडी होती,
ती ह्यानं चोरली की त्यानं बुडवली
हे आता होडीलाही आठवत नसेल.

पाद्रीबाबा म्हणाले होते, बापाच्या सहीवाचून
लग्नाची नावं पुकारता येत नाहीत.
नियम आहे तसा. खरंच आहे.
कास्कनं पोरीचे बूट पेटीत घालून कुलूप लावलं.
ती आईचे घालून गेली, आत लोकर कोंबून.
दुकानातल्या लीनानं कंदील विकला,
वर एक वात फुकट दिली.

आईनं कडी वाजलेली ऐकली होती
आणि कूस बदलली होती.
हे ती मला गोठ्यामागे सांगून गेली.
साहेबाला मी सांगितलं नाही.

हेही नाही सांगितलं
की हिवाळा लांब असतो आणि करमणूक थोडी;
दर शनिवारी सौनाच्या वाफेत उघडेबंब बसून
आम्ही पैजा लावायचो, पळतील की नाही पळणार.
माझे दोन क्रोन होते. पळतील, यावर.

त्या दिवशी सकाळी बर्फ नऊ बोटं भरला,
पलीकडे काठालगत सहा.
दुपारी वारा नैर्ऋत्येला फिरला.
तो वारा वरून काही वितळवत नाही,
खालचं पाणी हलवतो.
फांद्या काढायला निघायला हवं होतं.
गुडघा ठणकत होता. म्हटलं, उद्या.
पैज मनात होती का?
नव्हती.
नव्हती बहुधा.

दुसऱ्या दिवशी मी पावलं वाचली.
दोघं दहा-दहा पावलांचं अंतर राखून चालले होते.
शाळेत पोरांना मीच शिकवलंय ते:
पातळ बर्फावर हात धरून चालायचं नाही.
इतकी शहाणी पोरं.
एकही फांदी चुकवली नाही त्यांनी.

आईचे बूट पुढे होते. ते किनाऱ्याला लागले होते, साहेब.
तिथं हातभर जागेत हिम तुडवलेलं,
कुणी एकाच जागी उभं राहून हाका मारल्यासारखं.
मग तेच बूट मागे वळलेले. धावत.
अंतरबिंतर काही न राखता.

पुरताना दोन्ही बापांनी कबरीपाशी हात मिळवले.
बायका रडल्या, पाद्रीबाबांनी डोळे पुसले.
मला वाटलं, दोघांची टाळकी एकमेकांवर आपटावीत.
इतकं सोपं होतं तर
मंगळवारी का नाही केलंत?

सगळ्यांचं ऐकून झाल्यावर साहेबानं
सातव्या रकान्यात लिहिलं: बर्फ.
टिपकागद दाबला.
बूट वाळले होते त्याचे.
कुणीच काही बोललं नाही. मीही नाही.
खापर फुटलं होतं, आणि तेही
वसंतात आपोआप विरघळणाऱ्या डोक्यावर.

पुढच्या शनिवारी सौनातून बाहेर आलो
तर कोटाच्या खिशात चार क्रोन.
कुणी ठेवले, विचारलं नाही.
मोजून होते,
माझे दोन आणि जिंकलेले दोन.

डब्यात आहेत अजून.
खर्चायचं म्हटलं तरी
ते चलनच आता राहिलेलं नाही.